दहा सोडून

"नाना, आज दोरी नको," मी म्हणालो.

तातोबानाना मध्यरेषेवर उकिडवे बसले होते. एका हातात लाकडी खुंटी, दुसऱ्या हातात त्यांची वाखाची दोरी. खुंटी अर्धी जमिनीत गेली होती. ती तशीच धरून त्यांनी विचारलं, "का रं?"

"तुमची नात आज फायनलला खेळतेय. मैदान तुम्ही आखलंत तर लोक बोलतील."

"कोन बोलतंय?"

"अजून कुणी नाही. पण बोलतील."

नानांनी खुंटीकडं बघितलं. मग त्यांनी ती उपसली, धोतराला पुसली आणि म्हणाले, "बराबर हाय तुजं. सेक्रेटरी झालास, इचार कराय लागलास."

हे ते थट्टेनं म्हणाले की कौतुकानं, ते मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, कौतुकानंच म्हणाले असावेत. मला मात्र वाईट वाटायच्या ऐवजी सुटल्यासारखं झालं. कारण मी जे सांगितलं ते खरं कारणच नव्हतं. खरं कारण माझ्या खिशात होतं. पाच मीटरचा नवा कोरा स्टीलचा टेप.

आमच्या हिंगणमाळच्या उदय क्रीडा मंडळाचं ते पन्नासावं वर्ष होतं. दरवर्षी गावापुरत्या कबड्डीच्या स्पर्धा व्हायच्या, त्या वर्षी आम्ही चार जिल्ह्यांतले संघ बोलावले. मी सव्वीस वर्षांचा, साखर कारखान्यात कारकून, आणि सेक्रेटरी म्हणून पहिलंच वर्ष. कारकुनाला सेक्रेटरी केलं की काय होतं ते सांगायला नको. मी निवास समिती, भोजन समिती, मैदान समिती, स्वागत समिती अशा सात समित्या केल्या, प्रत्येकीला वेगळ्या रंगाचे बिल्ले केले, आणि सामन्यांचं वेळापत्रक मोठ्या कागदावर काढून शाळेच्या भिंतीला चिकटवलं. बिल्ला मिळाल्यावर माणसं काम सोडून बिल्ला मिरवत हिंडायला लागली, तो भाग वेगळा. पण तीन दिवस एकही सामना उशिरा सुरू झाला नाही. बाहेरगावच्या पंचांनी तसं बोलूनही दाखवलं. मी दोन दिवस जमिनीच्या चार बोटं वरून चालत होतो.

या सगळ्यात एकच गोष्ट मला खुपायची. मैदान दोरीनं आखलं जायचं.

तातोबानाना दोर वळायचे. घायपाताचा वाख काढून त्यांनी वळलेला नाडा पंचक्रोशीत जायचा. मंडळ निघालं त्या वर्षापासून मैदान त्यांच्याकडं. माती चाळायची, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा आणि शेवटी दोरी लावून चुन्याची फक्की मारायची. दोरीवर गाठी होत्या, आणि गाठींत रंगीत धागे. पुरुषांच्या मापाला पांढरा, बायकांच्या मापाला तांबडा. नियम बदलले की नाना गाठ सरकवायचे. दोरी विरली की नवी वळायचे, महिनाभर दगड बांधून ताणत टांगायचे, तेल द्यायचे, आणि मगच गाठी मारायचे. शेजारच्या आंबेखोरीत त्यांची लेक दिली होती. तिथल्या शाळेचं मैदानही तेच आखून द्यायचे, त्याच दोरीनं. नात वैजयंता त्या मैदानावर शिकली.

पहिल्या दिवशी एका पंचानं ती दोरी बघून हसत विचारलं होतं, "अजून दोरीनं आखता होय?" त्यात काही वाईट नव्हतं. पण मला ते लागलं. त्याच दुपारी मी टेप आणला.

तर शेवटच्या दिवशी दुपारी तीन वाजता मी आणि सुकुमार मैदान आखायला लागलो. सुकुमार माझा शाळेपासूनचा दोस्त, आमच्या वडलांच्या हाताखाली काम केलेला. माझे वडील गवंडी. टेपच्या टोकाची पत्र्याची कडी ढिली असते, म्हणून गवंडी टेप शून्यावर धरत नाहीत. दहाच्या आकड्यावर धरतात आणि वाचताना दहा सेंटिमीटर वजा करतात. आमच्यात त्याला ‘दहा सोडून धरणं’ म्हणतात. माझं लहानपण ते ऐकण्यात गेलं होतं. सुकुमारनं मध्यरेषेवर दहाचा आकडा धरला, मी समोर तीन मीटर दहावर खूण केली. म्हणजे बरोबर तीन मीटर. बायकांच्या मैदानात मध्यरेषेपासून तीन मीटरवर निदान रेषा असते. चढाईला गेलेल्या मुलीनं कुणाला शिवलं नाही, तर परत येण्याआधी ही रेषा एकदा तरी ओलांडावीच लागते. नाही ओलांडली तर ती बाद, समोरच्यांना एक गुण.

एका अंगणाची, म्हणजे मैदानाच्या एका अर्ध्या भागाची, रेषा झाली, आणि भोजन समितीचा हिरवा बिल्ला लावलेला एक माणूस पळत आला. आचारी आणि वाढपी यांच्यात जुंपली होती. सुकुमार तिकडं गेला. मी कडेला उभ्या असलेल्या शशिकांतला हाक मारली. शशिकांतच्या छातीवर स्वागत समितीचा बिल्ला होता आणि अंगात इस्त्रीचा शर्ट. तो नाइलाजानं खाली बसला, टेपचं टोक मध्यरेषेवर टेकवलं, आणि मी दुसऱ्या अंगणात तीन मीटर दहावर खूण केली.

कडेला पिंपळाच्या पारावर नाना बसले होते. तिथून ते म्हणाले, "दहा सोडून धराय सांगितलंस न्हवं त्येला?"

"नाना, टेपचं मला कळतं," मी म्हणालो.

त्यांनी हात वर करून ‘बरं’ अशी खूण केली. मी सुतळी ताणली आणि फक्की मारून घेतली.

पाच वाजता सामना सुरू झाला. आमच्या मुली विरुद्ध आंबेखोरी. एवढी माणसं आमच्या मैदानावर त्याआधी कधी जमली नव्हती. शाळेच्या कौलांवरसुद्धा पोरं चढून बसली होती. माईक माझ्याकडं होता. गुण सांगायचे, पाहुण्यांची नावं घ्यायची, अधूनमधून कुणाची सायकल वाटेत आहे ते सांगायचं.

आंबेखोरीचा सगळा भार वैजयंतावर होता. सतरा वर्षांची, काटकुळी पोर. चढाईला जाताना तिचं खाली लक्ष नसायचं. समोरच्या सातजणींच्या खांद्यांकडं बघत जायची आणि पाय आपोआप मोजून पडायचे. निदान रेषेच्या पलीकडं चार बोटं पाय टाकायचा, दुसरा उचलायचा, आणि मागं. पकडायला कुणी झेपावेपर्यंत ती आपल्या अंगणात असायची. जास्त आत जायचं नाही, कमी जायचं नाही. पहिल्या डावात आमच्या पोरींना तिनं असंच दमवलं. मध्यंतरानंतर अंगणं बदलली, आणि आंबेखोरीच्या चढाया दुसऱ्या अंगणात सुरू झाल्या. शशिकांतनं टेप धरलेल्या.

तिथंही ती बराच वेळ निभावली. कुणाला तरी शिवून यायची, त्यामुळं रेषेचा प्रश्न यायचा नाही. शेवटच्या मिनिटाला दोन्हीकडं सव्वीस गुण होते. शेवटची चढाई तिची. नुसती रेषा ओलांडून परत आली असती तरी सामना बरोबरीत सुटून जादा चढाया झाल्या असत्या. तिनं तेच केलं. दोन पावलं, तिसरं पाऊल, एक पाय वर, आणि वळून मागं.

रेषेवरच्या पंचानं हात वर केला. बाद. पाय रेषेच्या अलीकडं पडला होता, दोन बोटं.

गावानं जो गिल्ला केला त्यात माझा माईकवरचा आवाजही बुडाला. आमच्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या. वैजयंता मात्र होती तिथंच उभी राहिली, आणि खाली रेषेकडं बघायला लागली. सगळ्या सामन्यात ती पहिल्यांदाच खाली बघत होती.

"सर," ती मुख्य पंचांना म्हणाली, "माझा पाय बरोबर पडलाय. रेषा लांब आहे."

"रेषा लांब कशी असेल?"

"मोजून बघा, सर."

मुख्य पंच शांत माणूस होते. त्यांनी मला बोलावलं. "सेक्रेटरी, टेप आहे ना? सगळ्यांसमोर एकदा मोजा. उगाच शंका नको."

मी टेप काढला. जरासा ऐटीतच काढला असेन. शशिकांत जवळ होता, त्याला म्हटलं, धर. तो मध्यरेषेवर बसला. मी टेप ओढत रेषेपर्यंत आलो, पट्टी ताणली आणि आकडा बघितला. तीन मीटर दहा. बरोबर आहे, म्हणून मी मान वर केली, आणि समोर शशिकांतच्या हाताकडं माझी नजर गेली.

त्याचा अंगठा टेपच्या कडीवर होता. शून्यावर.

मी त्याला दहा सोडून धरायला सांगितलंच नव्हतं. दुपारीही नाही, आत्ताही नाही. सुकुमारला सांगावं लागत नाही, म्हणून मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

पंच माझ्या खांद्यावरून वाकले. "तीन-दहा दिसतंय."

त्या वेळी मी काय विचार केला, असं मी नंतर स्वतःला कितीदा तरी विचारलं. खरं सांगायचं तर विचार केलाच नाही. सात समित्या, भिंतीवरचं वेळापत्रक, व्यासपीठावर आमदारांच्या शेजारी ठेवलेली माझी खुर्ची, गळ्यात पडून रडणाऱ्या आमच्या मुली, हे सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं, आणि माझं तोंड आपोआप बोललं.

"दहा सोडून धरलंय, सर. गवंडी लोकांची रीत आहे. दहा वजा करायचे."

"म्हणजे तीन."

"हो, तीन."

"ठीक," पंच म्हणाले, आणि सरळ झाले. शशिकांतनं टेप सोडला. तो सर्रकन माझ्या हातात येऊन गुंडाळला गेला.

मिटलं असतं तर एवढ्यावरच मिटलं असतं. पण नाना पारावरून उठून आले होते. गर्दीनं त्यांना वाट दिली. ते पंचांसमोर उभे राहिले आणि खांद्यावरची दोरी काढली.

"सर, माझी दोरी एक डाव लावून बगू का?"

"हे कोण?"

"हे आमचे तातोबानाना," कुणीतरी म्हणालं. "मैदान हेच आखतात."

पंचांनी मान डोलावली. नानांनी दोरीचं टोक मध्यरेषेवर ठेवून एका पोरीला पाय द्यायला सांगितलं, दोरी हलकेच ताणली आणि तांबड्या धाग्याची गाठ जमिनीला टेकवली. फक्कीच्या अलीकडं गाठ. मधे मोकळी माती, चांगली पाच बोटं.

नाना माझ्याकडं बघत होते. त्यांच्या नजरेत राग नव्हता. पोराचं गणित चुकलं तर मास्तर जसा थांबतो, पोरानं स्वतः बघावं म्हणून, तसे ते थांबले होते.

"नाना," मी म्हणालो, "पाणी मारताना दोरी ओल्यात पडली असेल. वाख भिजला की आखडतो."

"माझी दोरी आखडत न्हाय."

ते हळूच म्हणाले, माझ्यापुरतं. अजूनही मला मागं फिरता आलं असतं. पण गर्दीतून कुणीतरी ‘टेप खरा का दोरी खरी’ असं ओरडलं, दोघं-तिघं हसले, आणि मला धीर आला. अशा वेळी जो येतो त्याला धीर म्हणत असतील तर.

"नाना, नात तुमची आहे," मी म्हणालो. "वाईट वाटणारच. आम्ही समजू शकतो."

माईक माझ्या हातात होता, आणि तो चालू होता. चारही कर्ण्यांतून ते वाक्य गावभर गेलं. माझ्याच आवाजात, दोनदा घुमून.

नानांनी दोरी उचलली. कोपरापासून पंजापर्यंत वेढे घेत ती नीट गुंडाळली, एकही वेढा न चुकवता. वैजयंता त्यांच्याकडं बघत होती. ते गर्दीतून वाट काढत निघून गेले. मी माईकवर बक्षीस समारंभाची घोषणा केली. त्या समारंभाचा फोटो अजून आमच्या घरी आहे. त्यात मी ढालीची एक बाजू धरली आहे आणि हसतो आहे.

त्यानंतर आठ दिवस मी स्वतःशी हिशेब मांडत होतो. पहिल्या डावात आमच्या पोरीही त्याच अंगणात चढाईला जात होत्या, म्हणजे चूक दोघांना सारखीच. बरोबरी झाली असती तरी आम्हीच जिंकलो असतो. नानांना काय, दोन दिवस वाईट वाटेल आणि विसरतील. प्रत्येक हिशेब बरोबर यायचा, आणि तरी मी पिंपळाच्या पाराकडून जायचं टाळायचो.

नवव्या दिवशी सकाळी मी मंडळाच्या खोलीत खुर्च्या मोजत होतो. दारात नाना उभे. काखेत दोरी.

"सेक्रेटरी, टेप हाय का तुजा?"

म्हटलं, आलं बाहेर. आणि खरंच सांगतो, एका बाजूनं बरंही वाटलं. ते भांडतील, मी कबूल करीन, सुटेन.

"आहे. का?"

"आठ दिवस दोरी टांगून वाळवली," ते म्हणाले. "म्हटलं एक डाव टेपाला लावावी. तुजा बाप गवंडी मानूस. तू उगं बोलायचा न्हाईस. माझीच आखडली असंल तर मला बगाय पायजे."

ते भांडायला आले नव्हते. ते तपासायला आले होते. मला नव्हे, दोरीला.

खोलीतल्या फरशीवर त्यांनी दोरी अंथरली. मी एका टोकाला बसलो, दोरीचं टोक आणि टेपचं टोक एकत्र धरलं. ते टेप ओढत तांबड्या गाठीपाशी गेले, चष्मा वर केला आणि वाकले. त्यांना आकडे वाचता यायचे, फक्त जवळून.

"दहा सोडून धरलंस न्हवं?" त्यांनी तिथून विचारलं.

माझा अंगठा शून्यावर होता. टेप दहाच्या आकड्यापर्यंत मागं घेतला असता, किंवा नुसतं ‘नाही’ म्हटलं असतं, तरी पुरे होतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. कर्णे नव्हते, आमदार नव्हते, कुणीही ऐकणार नव्हतं. पण ‘नाही’ म्हटलं असतं तर गाठ बरोबर तीनवर होती. आणि गाठ बरोबर तीनवर असेल तर मी कोण होतो ते त्यांना त्याच क्षणी कळणार होतं.

"हो, नाना," मी म्हणालो.

ते बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग खाली बसले.

"तीनच येतंय," ते म्हणाले. "तीन-दहा याय पायजे. दहा कमी हाय रं."

त्यांनी कनवटीचा खिळा काढला आणि गाठ सोडवायला घेतली. तेल पिऊन ती घट्ट झाली होती. खिळ्यानं उसवत, दातानं ओढत त्यांनी ती सोडवली, तांबडा धागा हळूच बाजूला काढून मांडीवर ठेवला. "तसाच धर हं," मला म्हणाले. मी तसाच धरला. तीन-दहाच्या आकड्यावर त्यांनी नखानं खूण केली, नवी गाठ मारली, धागा पुन्हा ओवला. मधे म्हणाले, "किती पोरी खेळल्या असतील रं या दोरीवर. आंबेखोरीच्या समद्या पोरी. आमच्या वैजूनं तर पायच तसं बसवलं. कमी मापावर."

मग दोरी गुंडाळत उठले. दारात थांबले.

"त्या दिवशी चारचौघांत बोललास त्ये बरं केलंस," ते म्हणाले. "मला राग आल्ता. खोटं कशाला सांगू. पर तू बोलला नसतास तर मी मरंपातूर खोटंच आखत ऱ्हायलो असतो."

त्यानंतर त्यांनी मैदान कधी आखलं नाही. मी दोनदा निरोप पाठवला, त्यांनी सांगितलं, आता टेपानंच आखा, पोरांचं नुकसान नको. दोर वळायचे ते वळत राहिले. रस्त्यात दिसले की मला ‘साहेब’ म्हणायचे. थट्टेनं नव्हे, मनापासून. ते गेले त्याला आता अकरा वर्षं झाली. मी मातीला गेलो होतो. तिथंही सांगितलं नाही, आणि कुणाला सांगणार होतो?

गेल्या उन्हाळ्यात वैजयंता माझ्या घरी आली. आता ती एका हायस्कूलमध्ये खेळाची शिक्षिका आहे, कानाजवळचे केस पांढरे झालेत. आईच्या ट्रंकेत आजोबांची दोरी सापडली, मंडळात ठेवायची का विचारायला आली होती. चहा झाल्यावर म्हणाली, "सर, एक गंमत झाली. शाळेत मी ही दोरी टेपला लावून बघितली. बायकांच्या मापाची गाठ दहा सेंटिमीटर लांब येते. बाकीच्या सगळ्या गाठी अगदी बरोबर. हीच तेवढी चुकीची, आणि हीच त्यांनी तुमच्यासमोर दुरुस्त केली होती म्हणायचे. वाख जुना झाला की एकाच जागी वाढतो का हो?"

हे विचारताना तिच्या मनात काही होतं की नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. मी ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं, आणि मग सांगितलं. शशिकांतचा अंगठा, पंच, माईक, मंडळाची खोली, माझा अंगठा. सगळं सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. एकवीस वर्षं जे बाळगलं ते एवढंसंच होतं.

ती ऐकत राहिली. रडली नाही, रागावली नाही. मग म्हणाली, "माझा पाय बरोबर पडला होता."

"हो."

"तुम्हाला माहीत नसेल, सर. त्या रात्री आजोबा आमच्या घरी आले होते. मी त्यांना आत येऊ दिलं नाही. म्हटलं, तुमच्या दोरीनं मला हरवलं. तुम्ही मला खोट्या मैदानावर शिकवलंत. ते म्हणाले, मी दोरी वाळवून बघतो, पोरी. मग नीट करून आणली, मला दाखवायला. मी बघितलीसुद्धा नाही. पुढं मी शिकायला बाहेर पडले, ते थकले, तो विषय तसाच राहिला. ते जायच्या आधी मी त्यांना म्हटलं, आजोबा, मी तुम्हाला माफ केलंय."

एवढं बोलून तिनं दोरी मांडीवर घेतली आणि तांबड्या धाग्याची गाठ नखानं सोडवायला लागली. एकवीस वर्षांची गाठ, ती सुटेना. मला बसवेना. मी पुढं होऊन हात केला. "आण, मी सोडवतो."

तिनं दोरी मागं घेतली. पर्समधून टेप काढून माझ्यासमोर ठेवला.

"गाठ मी सोडवते," ती म्हणाली. "तुम्ही फक्त टेप धरा, सर. शून्यावर."

मी खाली फरशीवर बसलो आणि धरला.